भय आणि भीड

छायाचित्रणाच्या कलेत नव्याने शिरलेल्या मनुष्यास प्रथम जी अडचण पडते ती भिंगाची नव्हे, प्रकाशाची नव्हे, आणि हल्लीच्या काळात तर पैशाचीही नव्हे. ती समोरच्या अनोळखी माणसाची. डोंगर, देऊळ, किल्ला, झाड यांची चित्रे तो निःशंकपणे घेतो. शिवनेरीच्या कड्याने आजवर कोणास 'माझे चित्र का घेतलेस?' म्हणून विचारलेले नाही. परंतु त्याच शिवनेरीच्या पायथ्याशी, जुन्नरच्या बाजारात, कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या बाईसमोर तो उभा राहिला की त्याचा हात कापू लागतो. कॅमेरा अर्धा वर येतो, पुन्हा खाली जातो, आणि गृहस्थ जणू भाव विचारण्यासाठीच थांबला होता असे दाखवून पुढे सरकतो. घरी येऊन पाहावे तो त्याच्या संग्रहात जुन्नर तालुका सगळा आहे. जुन्नरचा माणूस मात्र एकही नाही.

या भयावर उपाय सांगणारे वाङ्मय अलीकडे पुष्कळ झाले आहे. त्याचे सार एवढेच की, भय मारावे. यंत्र कमरेशी धरून, समोर न पाहता कळ दाबा. किंवा उलट, अगदी जवळ जाऊन दाबा आणि हसून पुढे व्हा. रोज शंभर अनोळखी माणसांची चित्रे घ्या, म्हणजे थोड्याच दिवसांत भीड चेपेल. हा उपदेश कलेच्या दृष्टीने कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वयाच्या पन्नाशीनंतर हाती कॅमेरा घेऊन जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत हिंडताना आम्ही स्वतःच या भयाच्या तावडीत सापडलो होतो. तेव्हा आरंभ आमच्याच एका अपराधापासून केलेला बरा.

जुन्नर तालुक्यात बेल्हे येथे सोमवारी बैलांचा मोठा बाजार भरतो. आपल्याकडील बैलबाजारांची एक जुनी रीत आहे. किंमत तोंडाने उच्चारावयाची नाही. घेणारा व देणारा यांनी रुमालाखाली अगर उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी ती ठरवावयाची. चारचौघांदेखत होणाऱ्या व्यवहारातही शेतकऱ्याच्या गरजेवर एवढे पांघरूण घालावे, अशी ज्या बाजाराची चाल, तसल्याच बाजारात आम्ही एके सोमवारी एका वृद्ध शेतकऱ्याचा उघडा चेहरा, त्यास नकळत, दोन टेम्पोंच्या फटीतून टिपला. तो आपल्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा होता. बैल विकला गेला होता. दावे मात्र अजून याच्याच हातात होते. चित्र उत्तम साधले, हे पडद्यावर पाहताच आमच्या ध्यानात आले. मान वर केली तो म्हातारा आमच्याकडेच पाहत होता. आता शिव्या येणार, माणसे जमणार, अशा समजुतीने आम्ही कॅमेरा पिशवीत घालू लागलो. म्हातारा एवढेच म्हणाला,

"सायेब, सांगायचं व्हतं की. टोपी तरी नीट केली असती."

आम्ही ओशाळून म्हणालो, "चुकलं, बाबा. आता काढू का?" त्याने दावे शेजाऱ्याच्या हाती दिले, टोपी नीट केली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि तो बैलाशेजारी ताठ उभा राहिला. ते दुसरे चित्र आम्ही घेतले. पहिल्यात जे होते त्यातले या दुसऱ्यात काहीही नाही. पहिले चित्र वियोगाचे आहे. दुसरे टोपीचे आहे. कलेचा न्याय निःसंशय पहिल्याच्या बाजूने पडेल. मग म्हाताऱ्याची तक्रार आम्ही मनावर का घ्यावी? उपदेशकांचे ऐकावयाचे तर आमचे चुकले ते एवढेच, की आम्ही पुरेसे निर्भय नव्हतो. नाही तर हसून पुढे झालो असतो.

या प्रश्नाचा उलगडा करण्याच्या कामी मराठी भाषेने आपली मोठी सोय करून ठेविली आहे. भय हा एक शब्द आणि भीड हा दुसरा. भयात मनुष्य स्वतःकडे पाहतो: हा मला बोलेल, लोक मला चोर समजतील, माझी फजिती होईल. भिडेत तो समोरच्याकडे पाहतो: याला काय वाटेल, याची घडी बिघडेल काय, याचे आपण काही नेत आहोत काय. बाहेरून पाहिले तर दोहोंची लक्षणे एकच. हात कापतो, पाय अडखळतो. परंतु एक आपल्या देहाची काळजी आहे आणि दुसरी दुसऱ्याच्या मानाची. उपदेशग्रंथांत या दोहोंची गाठोडी एकत्र बांधलेली असतात, आणि ती तशीच नदीत टाकावयास सांगितले जाते. आमचे म्हणणे असे की, गाठोडे सोडून पाहावे. भय टाकावे आणि भीड ठेवावी.

आता कोणी म्हणेल की, आपल्या वाडवडिलांनीच 'भीड ही भिकेची बहीण' असे सांगून ठेविले आहे. ती म्हण खोटी नाही. परंतु ती ज्या प्रसंगास उद्देशून आहे तो प्रसंग निराळा. स्वतःचे हक्काचे मागावयास जो लाजतो तो भिकेस लागतो, हे खरेच. प्रश्न हा, की रस्त्यावरील परक्या माणसाचा चेहरा हा आमच्या हक्काचा माल आहे काय?

तो आपल्याच हक्काचा आहे असे मानणारे छायाचित्रकार होऊन गेले, आणि त्यांस भयाचा लवलेशही नव्हता. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड सरकारी आश्रयाने प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील नाना जातीजमातींची माणसे कॅमेऱ्यासमोर उभी करून, बहुतेक ठिकाणी नावाच्या जागी जातीचे अगर जमातीचे नाव घालून, खाली त्या जातीच्या गुणावगुणांविषयी मजकूर दिलेला आहे. जनावरांच्या प्रदर्शनात जसे वाण सांगतात, तसा हा प्रकार. त्या चित्रकारांचा हात का कापला नाही? कारण यंत्राच्या मागे राज्यसत्ता उभी होती. ज्यास नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्यापुढे निर्भय होण्यास कसलेही धैर्य लागत नाही. निर्भयता हा स्वयंसिद्ध गुण नव्हे, हे या आठ खंडांवरून शिकण्यासारखे आहे.

याच्या उलट टोकास लपून चित्रे घेणारे बसतात. वॉकर एव्हन्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीतील उतारूंची चित्रे घेतली. कॅमेरा कोटाखाली दडविलेला, आणि भिंग तेवढे गुंड्यांमधून डोकावत असलेले. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने आपल्या लहानशा लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकले होते. त्याच्या १९५२ सालच्या ग्रंथाचे इंग्रजी नाव 'निर्णायक क्षण' या अर्थाचे आहे व तेच जगभर गाजले. परंतु मूळ फ्रेंच नावाचा भाव 'घाईने, चोरून टिपलेली चित्रे' असा काहीसा आहे. या दोघांच्या कृती पहिल्या प्रतीच्या आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. एव्हन्सच्या चित्रांतील चेहरे, कोणी पाहत नाही अशा समजुतीने आपल्यातच बुडालेले, एकदा पाहिले की विसरत नाहीत. तथापि लपण्याने भय जिंकले जात नाही. ते कोटाखाली जाते इतकेच. आजचे लांब पल्ल्याचे भिंग हा त्या कोटाचाच वंशज होय. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की एव्हन्सने ही चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली ती १९६६ साली, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांनी. या विलंबात आम्हांस भिडेचीच खूण दिसते.

लपून पाहणे ही काही पाश्चात्त्यांचीच युक्ती नव्हे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'संगीत शाकुंतला'पासून मराठी रसिकांच्या परिचयाचा असलेला पहिला अंक आठवावा. दुष्यंत झाडाआड उभा राहून शकुंतलेस न्याहाळतो. हा कालिदासाने नायकाचा दोष मानलेला नाही. पण त्याने नायकास झाडाआड ठेवलेही नाही. भुंगा शकुंतलेस त्रास देऊ लागताच दुष्यंत पुढे येतो आणि मग संभाषण सुरू होते. नाटक सुरू होते ते येथे. राजा शेवटपर्यंत झाडाआडच राहता, तर आपणांस एक सुंदर दृश्य लाभले असते, शाकुंतल लाभले नसते. पुढे सहाव्या अंकात हाच राजा शकुंतलेचे चित्र रंगवितो. तेव्हा ती केवळ एक रमणीय आकृती राहिलेली नसते, ज्या व्यक्तीस आपण विसरलो तिचे ऋण त्या चित्रात उतरलेले असते. अनोळखी माणसाच्या उत्तम चित्रात असेच काही ऋण दिसावे, अशी आमची अपेक्षा आहे.

या ऋणाचे पहिले चिन्ह म्हणजे नाव. १९३६ साली डॉरोथिया लँग हिने कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका दरिद्री आईचे चित्र घेतले. तिला भय नव्हते व ती लपलीही नाही. पावलापावलाने जवळ गेली. त्या चित्रामुळे तळाकडे अन्नाची मदत रवाना झाली. ते विसाव्या शतकातील अत्यंत प्रसिद्ध चित्रांपैकी एक झाले. पण लँगने त्या बाईचे नाव विचारले नव्हते, हे पुढे तिने स्वतःच लिहून ठेविले आहे. १९७८ साली ती बाई, फ्लॉरेन्स थॉम्प्सन, उजेडात आली, आणि ते चित्र घेतलेच नसते तर बरे झाले असते अशा अर्थाची व्यथा तिने बोलून दाखविली. बेचाळीस वर्षे तिचा चेहरा जगाचा होता आणि नाव कोणाचेच नव्हते.

हे वाचताना आम्हांस जुन्नरच्या पश्चिमेकडील नाणेघाटाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तेथील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती भिंतीवर कोरलेल्या होत्या. सिमुक, सातकर्णी, देवी नायनिका, एक महारठी, काही राजपुत्र. आज त्या मूर्ती नष्ट झाल्या आहेत. पायांच्या काही खुणा तेवढ्या दिसतात, आणि डोक्यावरच्या जागी कोरलेली नावे सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. राजेराण्यांचेच काय, जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांतून धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दान दिल्याचा लेख आहे, परदेशातून आलेल्या यवनांची नावे आहेत. या भूमीने अनोळखी माणसाचे नाव राखले आणि चेहरा गमावला. आपण मात्र दर दिवसास असंख्य चेहरे साठवितो आणि नाव एकाचेही ठेवीत नाही. दोहोंत अधिक दरिद्री कोण, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

परंतु भिडेची बाजू घेताना भयाने होणारी हानी विसरता कामा नये. आंबेगाव तालुका ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. अशा गावाच्या चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यांचे, पाणवठ्यावरील बायकांचे चित्र घ्यावयाचे एखाद्या गृहस्थाने केवळ भीतीपोटी राहून दिले असेल, तर ते चित्र आता कोणत्याही धैर्याने मिळावयाचे नाही. म्हणून 'विचारावयास लाज वाटली, सबब घेतलेच नाही' ही सोवळेपणाची वृत्तीही आम्हांस मान्य नाही. तीत दुसऱ्याविषयीचा आदर थोडा आणि स्वतःच्या फजितीची काळजी फार असते.

मग भय जावे आणि भीड राहावी, असा मार्ग आहे काय? आहे; आणि तो दाखविणारे उदाहरण याच मुलखाशी निगडित आहे. नारायणगाव हे विठाबाई नारायणगावकरांचे गाव. तेथे उन्हाळ्याच्या तोंडी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी आपल्या जत्रेची सुपारी देण्यासाठी तेथे येतात. छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर हिंडून जी चित्रे घेतली ती 'तमाशा : एक रांगडी गंमत' या नावाने २००६ साली ग्रंथरूपाने आली. तमाशा कलावंतिणीचे चित्र घेणे वरवर पाहता अगदी सोपे. सारा गाव तिच्याकडे पाहतच असतो. परंतु रंगमंचावरील पाहणे हे तिने दिलेले असते, पडद्यामागील पाहणे तिने दिलेले नसते. या संग्रहाचे मर्म आमच्या मते हे, की त्यातील पडद्यामागची माणसे दचकलेली दिसत नाहीत. छायाचित्रकार त्यांच्या सवयीचा झालेला आहे. तो अदृश्य झाला, असे पुष्कळदा म्हटले जाते. आम्ही म्हणू, तो इतका दृश्य झाला की त्याची नवलाई संपली. कोटाखाली कॅमेरा दडवून जी सहजता एव्हन्सने मिळविली, तीच सहवासाने मिळते. फरक इतकाच, की येथे समोरच्यास ती दिल्याचे ठाऊक असते.

'विचारले की चेहऱ्यावरचा भाव गेलाच' या आक्षेपास आमचे उत्तर यातच आहे. पहिल्या पाच मिनिटांत तो जातो. अर्ध्या तासात परत येतो. भाव जाण्याचे खरे कारण आपली घाई. आमच्या अल्प अनुभवात काही साध्या रीती उपयोगी पडल्या. बाजारात जाऊन आधी काही विकत घ्यावे, बोलावे, आणि कॅमेरा आरंभापासूनच गळ्यात, सर्वांस दिसेल असा ठेवावा. एकाच ठिकाणी तास दोन तास बसावे. दुरून ओढून घेणाऱ्या भिंगापेक्षा जवळ गेल्याखेरीज ज्याने चित्र येतच नाही असे भिंग वापरावे, म्हणजे लपण्याची सोय उरत नाही. घेतलेले चित्र तेथल्या तेथे दाखवावे; नको म्हटल्यास पुसून टाकावे, आणि तोंड वाईट करू नये. नाव विचारावे. छापील प्रत नेऊन द्यावी. या रीतीने भय आपोआप ओसरते, कारण भयाचे मूळ लपवाछपवीत असते. ज्यास काही लपवावयाचे नाही त्यास पकडले जाण्याची भीती कशाची?

तथापि काही प्रसंग असे येतात की तेथे या रीतीही अपुऱ्या पडतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा भाग कोसळला आणि १५१ माणसे प्राणास मुकली. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या चित्रांत दोन जाती होत्या. एका जातीत हिरव्या डोंगराच्या अंगावर उमटलेला तो तांबडा ओरखडा होता. त्याने अनर्थाचे मान एका दृष्टिक्षेपात सांगितले. दुसऱ्या जातीत आप्तांचा शोध घेणाऱ्यांचे चेहरे होते. ही दुसरी चित्रे घेऊच नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. चेहरा पाहिल्याशिवाय दूरच्या माणसाच्या मनास पाझर फुटत नाही. परंतु तेथे परवानगी विचारणे हेही क्रौर्य, आणि न विचारणे हेही क्रौर्य. अशा जागी ज्याचा हात कापला नाही, त्याच्या चित्रावर आमचा विश्वास बसत नाही. भीड मारण्याचा उपदेश किती उथळ आहे हे कळण्यास माळीणचे एक उदाहरण पुरे.

आणि अनर्थाचीच वाट कशास पाहावयास हवी? दर पावसाळ्यात भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूस सहलीच्या मोटारी रस्त्यावर थांबतात, काचा खाली होतात, आणि खाचरात वाकून भाताची लावणी करणाऱ्या बायकांची चित्रे मोबाइलवर घेतली जातात. काच पुन्हा वर चढते. येथे भय नाही, कारण मोटार आहे. भीड नाही, कारण ओळख नाही. कायद्याने सार्वजनिक जागी चित्र घेण्यास आपल्याकडे सरसकट बंदी नाही, हे खरे. पण २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा मनुष्य चारचौघांत आला एवढ्याने त्याचे खाजगीपण सरत नाही, असाही विचार त्या निकालात मांडला गेला. न्यायालयास जे विस्ताराने सांगावे लागले, ते बैलबाजारातील रुमालास पूर्वीपासून ठाऊक होते.

क्षेमेंद्राने औचित्य हे रसाचे जीवित मानले. छायाचित्रणात ते औचित्य चौकटीच्या आत जितके, तितकेच चौकटीच्या बाहेर, चित्र घेणाऱ्याच्या वागणुकीत असते, कारण येथे आकृती कल्पनेतून आलेली नसते. ती कोणा जिवंत माणसाकडून उसनी घेतलेली असते. उसने घेणाऱ्यास धीटपणा लागतो, आणि परत करण्याची जाणीवही लागते.

शेवटी त्या बेल्ह्याच्या म्हाताऱ्याविषयी. दोन्ही चित्रे कागदावर छापून आम्ही पुन्हा बाजारास गेलो. तिसऱ्या खेपेस तो भेटला. टोपी नीट केलेले चित्र त्याने आनंदाने घेतले, आजूबाजूस दाखविले. पहिले चित्र हाती देताच मात्र तो बराच वेळ गप्प राहिला. "ह्यो बी खराच हाय," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पर ह्यो तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, सायेब. घरात दावायचा न्हाई, आन् कुठं छापायचा बी न्हाई."

आम्ही त्याचे नाव विचारून घेतले. ते त्या चित्राच्या पाठीवर लिहिलेले आहे. येथे लिहीत नाही. या लेखासोबत एखादे चित्र द्यावे अशी संपादकांची सूचना होती. पहिले देता येत नाही, आणि पहिले ठाऊक असता दुसरे द्यावेसे वाटत नाही. तेव्हा लेख चित्रावाचूनच वाचकांपुढे ठेवीत आहोत.